बाऊलचं पाणी दर पंधरा दिवसांनी हिरवं का होतं, आणि ते धुऊन का जात नाही

तक्रार बहुतेक एकाच साच्याची असते. काचेचा गोल बाऊल आणला, तळाला माती आणि वाळू घातली, पाण्यात वाढणारी चार झाडं लावली, एक फायटर मासा सोडला. पहिले दहा-बारा दिवस पाणी नितळ. मग ते किंचित पिवळसर होतं, मग पोपटी, आणि तिसऱ्या आठवड्यात पलीकडच्या काचेजवळचा मासा दिसेनासा होतो. रविवारी सगळा बाऊल मोरीत उपसला जातो, वाळू चोळून धुतली जाते, काच साबणाने घासली जाते, ताजं पाणी भरलं जातं. आणखी पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

हिरवं पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे. पाण्यात तरंगणारं एकपेशी शेवाळ लाखोंच्या संख्येने वाढलं की पाणी हिरवं दिसतं. त्याला उजेड लागतो, पाण्यात विरघळलेलं खत लागतं, आणि ते खत पळवणारं दुसरं कुणी शेजारी नसावं लागतं. बाऊल धुतल्याने उजेड कमी होत नाही. मातीतलं खतही कमी होत नाही, उलट माती ढवळून ते वर येतं. आणि वाळूच्या कणांवर, पानांवर, काचेवर जे उपयोगी जीवाणू बसलेले असतात ते मात्र साबणाने आणि नळाच्या क्लोरीनने मरतात. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करायचं काम हे जीवाणू करतात. त्यांची वसाहत नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर तिसऱ्या आठवड्याला ती उखडत असाल, तर बाऊल कायम पहिल्या दिवसावरच राहतो. म्हणून पहिली विनंती: बाऊल उपसू नका. एका परिस्थितीत उपसावाच लागतो, ती पुढे मातीच्या भागात येईल.

आधी खात्री करा की पाणी खरंच हिरवं आहे

गढूळपणा तीन प्रकारचा असतो आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. काचेच्या साध्या ग्लासात बाऊलमधलं पाणी घ्या, मागे पांढरा कागद धरून पाहा, मग तो ग्लास हलवू न देता रात्रभर ठेवा.

सकाळी ग्लासच्या तळाला तांबूस किंवा राखाडी थर बसला आणि वरचं पाणी निवळलं, तर ती माती आहे. वाळूचा थर पातळ पडलाय किंवा पाणी ओतताना माती उसळली. पाणी निवळलं नाही पण रंगही नाही, पातळ ताकासारखं पांढुरकं आहे, तर ते जीवाणूंचं फुगणं आहे. नव्या बाऊलमध्ये पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे होतंच आणि साधारण आठवड्याभरात आपोआप उतरतं. त्यात काही घालू नका, फक्त मासा असेल तर खाद्य थांबवा आणि एक दिवसाआड पाव पाणी बदला. पाणी निवळलं नाही आणि पांढऱ्या कागदासमोर पोपटी झाक दिसली, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हे शेवाळ फडक्यातून गाळलं तरी खाली उतरतं, इतकं ते बारीक असतं.

पाणी चहासारखं पिवळसर पण आरपार दिसणारं असेल, तर तो लाकडाचा किंवा वाळक्या पानांचा रंग आहे. त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

ऊन: बेळगावात हे दिवाळीच्या सुमारास का सुरू होतं

जून-जुलैत लावलेला बाऊल चार महिने उत्तम चालतो आणि ऑक्टोबर संपता संपता अचानक हिरवा पडतो, असं खूप जणांचं होतं. खाद्य तेच, पाणी तेच, मग बिघडलं काय? बदलतं ते ऊन.

बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही, शिवाय पावसाळी ढग असतातच. ऑगस्टनंतर सूर्य दक्षिणेकडे कलत जातो आणि २१ डिसेंबरच्या सुमारास दुपारी तो क्षितिजापासून फक्त ५१ अंशांवर असतो.

आता खिडकी मोजा. खिडकी १२० सेंटिमीटर उंच आहे आणि तिच्या माथ्याला लागून ६० सेंटिमीटरचा छज्जा आहे असं धरू. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी सगळी खिडकी छज्जाच्या सावलीत असते. त्यानंतर ऊन खालच्या कडेने आत शिरतं. डिसेंबरात छज्जाची सावली ७४ सेंटिमीटरपर्यंतच पोचते आणि खालचे ४६ सेंटिमीटर उन्हात राहतात. बाऊल नेमका तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर असतो. हे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतं. हिवाळ्यात आकाश निरभ्र, म्हणजे रोज दोन-तीन तास थेट ऊन. तेवढं शेवाळाला भरपूर झालं.

त्यामुळे दक्षिणेच्या कट्ट्यावर बाऊल नको. पूर्वेकडच्या खिडकीत पावसाळा सोडला तर वर्षभर सकाळचं ऊन येतं, तिथेही नको. उत्तरेची खिडकी किंवा खिडकीपासून दीड-दोन मीटर आत, भिंतीलगतचं टेबल ही चांगली जागा. आणखी एक गोष्ट गांभीर्याने घ्या: पाण्याने भरलेला गोल बाऊल भिंगासारखा ऊन एकवटतो. मागे पडदा किंवा कागद असेल तर तो जळू शकतो.

आतल्या जागेसाठी वर एक दिवा लागतो. १०-१२ लिटरच्या बाऊलला ५ वॅटचा एलईडी बल्ब, पांढऱ्या उजेडाचा (खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं), पाण्यापासून २५ ते ३० सेंटिमीटर वर. सुरुवातीला रोज ५ तास, दोन महिन्यांनी ६-७ तास. दहा-बारा तास दिवा ठेवल्याने झाडं दुप्पट वाढत नाहीत, शेवाळ वाढतं.

दिवा टायमरवर असेल तर तो टायमर तपासा. फिरत्या चकतीचा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसात रोज संध्याकाळी तास-दीड तास वीज गेली, तर आठवड्यात त्याची वेळ सात ते दहा तासांनी सरकते. दिवा मग रात्रभर जळतो आणि सकाळी तुम्ही उठायच्या आत विझतो, म्हणून लक्षातही येत नाही. दुपारी घरात नेहमीचा उजेड असतो, तो धरून बाऊलला पंधरा तासांचा दिवस मिळतो. उन्हाळ्यात 'कारण नसताना' हिरवा झालेला बाऊल बऱ्याचदा यामुळेच झालेला असतो. टायमरची चकती दर रविवारी भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवा.

माती: जिथे सगळ्यात जास्त चुका होतात

नर्सरीतली कुंडीची तयार माती बाऊलमध्ये घालू नका. तिच्यात शेणखत, गांडूळखत, कधी डीएपी या रासायनिक खताचे दाणे असतात. जास्वंदीला ते मानवतं, पण पाण्याखाली तेच खत पहिल्याच आठवड्यात अमोनिया आणि फॉस्फेट सोडायला लागतं, आणि हिरवं पाणी त्याच्यावरच पोसलं जातं. नर्सरीत साधी तांबडी माती मागा. माणूस कन्नड बोलणारा असेल तर 'केम्मण्णु' म्हणा आणि खत न मिसळलेली हवी हे स्पष्ट सांगा.

आपल्या जिल्ह्यात दोन टोकांच्या माती आहेत. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती, लोहयुक्त आणि किंचित आम्लधर्मी. ती बाऊलला फार छान. खानापूरची कुंभारकाम आणि कौलांची माती प्रसिद्ध आहे, पण ती चिकणमाती नुसती वापरू नका. तिचा घट्ट लगदा होतो, मुळांना हवा मिळत नाही. अथणी, रायबाग, चिकोडीच्या बाजूला काळी माती. ती ओली झाली की फुगते, जरा हात लागला की धुरासारखी उसळते आणि तिच्यात बहुधा चुनखडीचे खडे असतात, त्याने पाणी जड होत जातं. चमचाभर मातीवर व्हिनेगर टाकून पाहा, फसफसली तर चुना आहे. तिकडच्या लोकांनी ओळखीच्या माणसाकडून पिशवीभर तांबडी माती मागवावी. लागते तरी किती? दोन-तीन वाट्या.

ऊस, तंबाखू, भाजीपाल्याच्या रानातली माती टाळा, तिच्यात रासायनिक खत आणि फवारणीचे अंश असतात. बांधावरची किंवा पडीक जागेतली, वरचा पालापाचोळा बाजूला करून घेतलेली माती चांगली.

माती तयार करायची पद्धत: रव्याच्या चाळणीने चाळा, खडे आणि मुळ्या काढा. बादलीत पाण्यात बुडवून दोन दिवस ठेवा, वर तरंगणारा कचरा पाण्यासकट ओतून द्या, उरलेली माती पत्र्यावर उन्हात कडक वाळवा. असं तीनदा. प्रत्येक वेळी ओतलेल्या पाण्यातून विरघळणारं खत निघून जातं. तिसऱ्यांदा ओतलेलं पाणी जवळपास रंगहीन यायला हवं. बाऊलमध्ये या मातीचा २ ते २.५ सेंटिमीटर थर, त्यावर १ ते २ मिलिमीटरच्या नदीच्या वाळूचा २.५ सेंटिमीटर थर. वाळू धुतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. बांधकामाची एम सँड नको, तिच्यातली दगडाची भुकटी महिनाभर पाणी पांढरं ठेवते. संगमरवराच्या पांढऱ्या चिप्स दिसायला सुंदर, पण त्या हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा वाढवतात. पाणी भरताना वाळूवर बशी ठेवा आणि बारीक धारेने बशीवर ओता.

आता ती एक परिस्थिती. बाऊलमध्ये शेणखताची माती आधीच घातलेली असेल, तर वरवरचे उपाय करून महिने घालवू नका. एकदाच, नीट मोडा. मासा आणि झाडं बाऊलच्याच जुन्या पाण्यात बादलीत ठेवा. वरची वाळू अलगद काढून घ्या आणि तीही जुन्या पाण्यातच खळबळा, नळाखाली नको, म्हणजे तिच्यावरचे जीवाणू वाचतात. खतमाती कुंडीत टाका, तिथे ती सोनं आहे. वर सांगितलेली माती घालून तीच वाळू पुन्हा पसरा.

चौदा दिवसांचा उपाय

जागा, दिवा आणि माती ठीक केल्यावरच हे सुरू करा. एरवी पाणी साफ होईल आणि महिन्यात पुन्हा हिरवं होईल.

पहिला दिवस: एक तृतीयांश पाणी बदला. बदलीचं पाणी २४ तास रुंद तोंडाच्या बादलीत उघडं ठेवलेलं असावं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. मग बाऊलला काळं कापड दुहेरी गुंडाळा. तोंडावर कापड सैल टाका, हवा खेळली पाहिजे.

दुसरा ते चौथा दिवस: कापड काढायचं नाही, खाद्य नाही, दिवा नाही, डोकावून बघणंही नाही. फायटर पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, त्याला चार दिवसांची उपासमार सहज झेपते. गप्पी किंवा झिंगे असतील तर तीन दिवसांवर थांबा.

पाचवा दिवस: कापड काढा आणि लगेच अर्धं पाणी बदला. हे टाळलं तर सगळी मेहनत वाया जाते. मेलेलं शेवाळ कुजताना प्राणवायू खातं आणि अमोनिया सोडतं, म्हणजे पुढच्या शेवाळाचं खत तयार. त्याच दिवशी भराभर वाढणारी झाडं घाला: हॉर्नवर्टच्या बोटभर लांबीच्या आठ-दहा काड्या नुसत्या तरंगत सोडा, आणि साल्विनिया किंवा पिस्टिया या तरंगत्या झाडांनी निम्मा पृष्ठभाग झाका. ही झाडं पाण्यातलं खत थेट ओढून घेतात आणि वरून सावलीही धरतात. शेवाळाला उपाशी ठेवायचं काम खरं तर तीच करतात. अंधार फक्त त्यांना सुरुवात करून देतो.

सहावा ते चौदावा दिवस: दिवा ५ तास, दर तिसऱ्या दिवशी पाव पाणी बदला, खाद्य निम्मं.

ओढ्या-तलावातून झाडं आणली असतील तर ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा तुरटीची पूड विरघळवून त्यात दोन-तीन तास बुडवा आणि स्वच्छ धुऊन घ्या. गोगलगायींची पिल्लं आणि चतुराच्या अळ्या त्याने बऱ्याच कमी होतात. चतुराची अळी राहिली तर ती लहान मासे खाते. ही तुरटी झाडांच्या बादलीतच, बाऊलमध्ये कधीच नाही. आणि वाढून जास्त झालेली पिस्टिया, साल्विनिया किल्ला तलावात किंवा मार्कंडेय नदीत टाकू नका, ती तिथे पसरून पाणी गुदमरवते. कुंडीत पुरा, उत्तम खत होतं.

क्रिप्टोकोरीन हे मातीत लावायचं पाणझाड लावलं असेल तर दहा दिवसांत त्याची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन वितळतील. घाबरून उपटू नका. दुकानातली रोपं बहुतेक पाण्याबाहेर वाढवलेली असतात, पाण्याखाली ती जुनी पानं टाकतात आणि महिन्याभरात मुळापासून नवी काढतात. वितळलेली पानं तेवढी कात्रीने कापून बाहेर काढा, कुजू देऊ नका. जावा फर्न आणि अॅनुबिअस मातीत पुरू नका, त्यांचा आडवा कंद गाडला की सडतो. दोऱ्याने दगडाला बांधा.

पाणी कुठलं आणि कशातलं

बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. पावसाळ्यात ते कधी कधी लालसर येतं. साठवून निवळलेलं वरचं पाणीच घ्या. पूर्वेच्या तालुक्यांत बोअरचं पाणी बहुधा जड, डाळ शिजायला वेळ लागतो आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. अशा पाण्याचा सामू (पीएच) जास्त असेल तर अमोनिया जास्त विषारी ठरतो: सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणून तिकडे बाऊल लावल्यावर चार आठवडे मासा न सोडणं जास्त महत्त्वाचं. बोअरच्या पाण्यात निम्मं पावसाचं पाणी मिसळलं तर फार फरक पडतो. कौलांवरून आलेलं चालेल, पहिल्या दोन-तीन पावसांचं सोडून द्या. नव्या जस्ती पत्र्यावरचं नको.

तांब्याच्या हंड्यात साठवलेलं पाणी बाऊलला नको. आपल्याला ते चांगलं, पण तांब्याचा अंश झिंग्यांना आणि गोगलगायींना मारतो. डासांच्या औषधाचं यंत्रही त्या खोलीत लावू नका, त्यातली औषधं माशांना घातक असतात.

भरायचं किती, खायला किती

३० सेंटिमीटर व्यासाचा बाऊल गळ्यापर्यंत, म्हणजे २७ सेंटिमीटर भरला तर पाण्याचा वरचा पृष्ठभाग फक्त १८ सेंटिमीटर रुंद राहतो. २० सेंटिमीटर भरला तर तो २८ सेंटिमीटर होतो. पाणी तीन लिटरने कमी, पण हवेशी लागणारा पृष्ठभाग जवळपास अडीचपट. पंप नसलेल्या बाऊलमध्ये प्राणवायू याच पृष्ठभागातून येतो. त्यामुळे सर्वांत रुंद भागाच्या थोडं वर भरून थांबा.

एवढ्या पाण्यात एक फायटर, किंवा फायटर न घेता आठ-दहा चेरी झिंगे. गोल्डफिश अजिबात नाही, तो वितीएवढा वाढणारा मासा आहे आणि घाणही खूप करतो. फायटरला दिवसाला तीन-चार बारीक दाणे, आठवड्यातून एक दिवस उपास. घरात आजी एकदा, पोरं दोनदा, असं खाद्य पडत असेल तर दिवसाचे दाणे सकाळीच एका छोट्या डबीत काढून ठेवा. डबी रिकामी म्हणजे मासा जेवला.

मासा नसलेल्या चार आठवड्यांत बाऊलवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पिल्लं उडून जातात. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्याच तर चहाच्या गाळणीने काढा.

उन्हाळ्यात पाणी भराभर आटतं. वर घालायला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. बोअरचंच घालत राहिलात तर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, जूनपर्यंत काचेवर पांढरी रेघ उमटते. ती रेघ व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापडाने पाण्याच्या पातळीच्या वर तेवढी पुसा, थेंब आत पडू देऊ नका.